मेरहोवनमधलं नातीचं पाळणाघर: नव्वद दिवसांनंतरचा अभिप्राय

वाईला एकोणतीस वर्षं मी बालवाडी चालवली. एक खोली, दोन सतरंज्या, पस्तीस-चाळीस मुलं, मी आणि एक मदतनीस. त्यामुळे कुठल्याही पाळणाघरात पाऊल टाकलं की माझं लक्ष भिंतीवरच्या चित्रांकडे जात नाही. मुलांची नाकं पुसलेली आहेत का, हात धुवायची जागा त्यांच्या उंचीची आहे का, आणि मोठी माणसं खुर्चीवर बसली आहेत की जमिनीवर, हे मी आधी बघते. एवढ्यावरून निम्मं कळतं.

यंदा फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, व्हिसाचे पूर्ण नव्वद दिवस, मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला लेकीकडे होते. नात सव्वादोन वर्षांची आहे. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार ती मेरहोवन भागातल्या एका पाळणाघरात जाते. डच लोक त्याला ओपफांग म्हणतात, आपली मंडळी डेकेअरच म्हणतात. सोडायला आणि आणायला बहुतेक दिवस मीच जायचे. लेकीच्या मराठी मैत्रिणींच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, इतक्या लहान मुलाला ठेवायचं का, खायला काय देतात, रडलं तर उचलून घेतात का. त्यांच्यासाठी, आणि इथे बसून काळजी करणाऱ्या आज्यांसाठी मी हे लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण एक-दोन तक्रारीही लिहायच्या आहेत आणि तिथल्या बायकांचं काम त्या तक्रारींपेक्षा मोठं आहे.

नात तिथे गेली तेव्हा चार महिन्यांची होती. फोनवर ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून, ज्यांना तो लागू होतो त्यांना तरी, 26 आठवडे रजा मिळते. नेदरलँड्समध्ये ती 16 आठवड्यांची, आणि त्यातले चार ते सहा आठवडे तारखेच्या आधीच घ्यायचे. म्हणजे बाळ अडीच-तीन महिन्यांचं असताना आई कामावर. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण रजा एवढीच असेल तर बाळ कुणाच्या हाती जातं हे बघायला हवं, आणि तिथे मात्र त्यांचा नियम कडक आहे. वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक प्रशिक्षित बाई, असं 2019 पासून बंधनकारक आहे. शिवाय तान्ह्या बाळासाठी दोनच माणसं ठरवून दिलेली असतात आणि बाळ असेल त्या दिवशी त्या दोघींपैकी एक तरी हजर असावी लागते. बाळानं रोज नवा चेहरा बघायचा नाही. प्रत्येक मुलाची एक मेंटॉरही असते. पालकांशी तीच बोलते, मुलाच्या वाढीची नोंद तीच ठेवते. माझ्या वाईच्या खोलीत चाळीस मुलांची मेंटॉर मी एकटीच होते. तीनास एक हे प्रमाण ऐकून मी दारातच थोडी गप्प झाले.

आत गेल्यावर पहिला धक्का बसला तो झोपायच्या खोलीत. लाकडी पलंग, एकावर एक दोन मजले, आणि प्रत्येकाला समोरून गजांचं दार. मूल आत ठेवायचं आणि दार लावायचं. मला कोंबड्यांचं खुराडं आठवलं, पोटात गोळा आला. लेकीला म्हटलं, "अगं, कोंडतात की काय पोरांना?" ती म्हणाली, "आई, जरा थांब आणि बघ."

मी थांबले. साडेबाराच्या सुमाराला मुलं एकेक करून आली. प्रत्येकानं आपली झोपायची पिशवी खुंटीवरून ओढली. अंगात घालायची बिनबाह्यांची पिशवी असते ती, पाय आत मोकळे राहतात. आमची नात लहानशा शिडीवरून वरच्या पलंगात आपली आपण चढली, आडवी झाली आणि दार लावायची वाट बघत राहिली. दार लागलं तशी तिनं अंगठा तोंडात घातला. एकही मूल रडलं नाही. ताई दर थोड्या वेळानं आत डोकावून श्वास बघून जात होती. तान्ही बाळं सगळी उताणी. उशी नाही, दुलई नाही, पलंगात कापडाचा तुकडा नाही. झोपेत बाळ दगावण्याचं प्रमाण त्या देशात एके काळी फार वाढलं होतं. 1987 मध्ये तिथल्या एका बालरोगतज्ज्ञानं बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि त्यानंतर ते प्रमाण झपाट्यानं उतरलं. त्यामुळे या बाबतीत तिथे कुणी तसूभर सूट देत नाही.

ही सूट मलाही मिळाली नाही. नातीसाठी मी गोधडी शिवून नेली होती. वरून माझ्या दोन सुती साड्या, आत माझ्या आईच्या लुगड्याचा पदर. डेकेअरमध्ये दुपारी ती पांघरून झोपेल, आजीचा वास येईल, असं मनात होतं. ताईनं गोधडी हातात घेतली, टाके बघितले, हे हातानं घातले का असं विचारलं आणि मग सांगितलं की पलंगात नाही देता येणार. माझा चेहरा उतरला असावा. तिनं एवढंच विचारलं, "मग ही खेळायच्या कोपऱ्यात ठेवू का?" पुढच्या गुरुवारी आणायला गेले तर गोधडी टेबलावरून खाली सोडलेली, आत चार मुलं दाटीनं बसलेली, एकाच्या हातात टॉर्च. आमच्या नातबाई मधोमध. मी पंधरा मिनिटं तशीच बाहेर उभी राहिले, घरी चल म्हणायचा धीर झाला नाही.

खोल्यांना तिथे सगळीकडे काचा आहेत. झोपायची खोली, कपडे बदलायची जागा, दोन गटांमधली भिंत, सगळं आरपार दिसतं. मला आधी ती सजावट वाटली. पण त्यामागे एक वाईट गोष्ट आहे. 2010 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या पाळणाघरांत एका कर्मचाऱ्यानं लहान मुलांवर केलेले अत्याचार उघडकीला आले. त्यानंतर जुलै 2013 पासून चार डोळ्यांचा नियम आला. मुलांबरोबर एकटं असलेल्या माणसाला दुसरं कुणीतरी कधीही बघू किंवा ऐकू शकलं पाहिजे. मी एकदा विचारलं की मी आयुष्यभर हेच काम केलंय, आठवड्यातून तासभर बसून मुलांना गोष्टी सांगू का. व्यवस्थापिका उठून माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तुमचं वर्तणुकीचं सरकारी प्रमाणपत्र आणि पाळणाघरांत काम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय नाही. वाईट वाटलं, पण मान हलली ती होकारार्थीच. माझ्या बालवाडीत कुणाचेही काका-मामा येऊन मुलांना मांडीवर घेऊन बसायचे आणि मी कधी विचारलं नाही. ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता खाण्याचं, कारण आज्यांचा खरा प्रश्न तोच असतो.

साडेनऊला फळ. सफरचंद, पेर, केळं, कधी काकडी. साडेअकराला ब्रेड, त्यावर लोणी, चीज किंवा शेंगदाण्याचं लोणी, बरोबर दूध. दुपारी एखादं बिस्किट किंवा दही. काही ठिकाणी दुपारी गरम जेवण देतात, इथे देत नाहीत. बाहेर चार डिग्री थंडी आणि सव्वादोन वर्षांच्या पोरीच्या पोटात थंड ब्रेड! याचे मी गुण कापते आणि त्याबद्दल माझं मन वळणार नाही. वरण-भाताची सवय असलेल्या मुलाच्या घरच्यांनी संध्याकाळी साडेसहाला गरम जेवण तयार ठेवावं, मूल अक्षरशः भुकेलेलं येतं.

पण कसं खातात ते बघा. टेबल मुलांच्या उंचीचं. ताई त्यांच्याबरोबर बसून तोच ब्रेड खाते. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात बोथट सुरी देतात आणि लोणी त्याचं त्यानं लावायचं. अर्धं लोणी टेबलाला लागतं. कुणी सुरी काढून घेत नाही, कुणी घाई करत नाही. छोट्या भांड्यातून पाणी आपलं आपण ओतून घ्यायचं आणि सांडलं तर फडकं कुठे आहे ते त्याला माहीत असतं. आमच्या नातीचं तिथलं आवडतं वाक्य "झेल्फ दून", म्हणजे माझं मी करणार. मी आल्यावर पहिल्या रात्री घास भरवायला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारून हेच ऐकवलं. मला लागलं ते. घास भरवणं म्हणजे माझ्या लेखी नुसतं पोट भरणं नाही. दोन-तीन दिवस रुसव्याफुगव्यात गेले. मग आमचं असं ठरलं की मऊ भात ती तिच्या चमच्यानं खाणार आणि शेवटचा घास आजीच्या हातून. नव्वद दिवस तो करार तिनं पाळला.

एप्रिलमध्ये एक चूक झाली. लेकीच्या घरी गाय आणि डुकराचं मांस खात नाहीत, तसं अर्जात लिहिलेलं आहे. त्या सोमवारी नेहमीच्या ताई आजारी होत्या. एजन्सीकडून बदली आलेल्या मुलीनं नातीच्या ब्रेडवर लिव्हरचं सॉसेज लावलं. आम्हाला कळलं कसं? दुपारी एक वाजता व्यवस्थापिकेचा स्वतःहून फोन आला. कारणं सांगितली नाहीत, आधी माफी मागितली. संध्याकाळी मेंटॉर सुट्टीच्या दिवशी येऊन दारात उभी होती. दुसऱ्या दिवसापासून अशा प्रत्येक मुलाच्या ताटलीखाली त्याचा फोटो आणि काय चालत नाही त्याचं चित्र असलेला कागद आला. जावई शांत राहिला, मी राहू शकले नाही. मी मराठीतच जे बोलायचं ते बोलले आणि लेकीनं त्याचं भाषांतर केलं नाही. चूक झाली हे खरं. पण लपवली असती तर आम्हाला कधीच कळलं नसतं, हेही खरं.

या चुकीचं मूळ बदलीच्या माणसांत आहे. त्या देशात या कामाला माणसं मिळत नाहीत. मी होते त्या तीन महिन्यांत नातीच्या गटाच्या तीन ताईंपैकी एक सोडून गेली आणि तिच्या जागी चार वेगवेगळे चेहरे आले. दोनदा सकाळी सात वाजता मोबाइलवर निरोप आला की माणसं कमी असल्यामुळे आज गट बंद. प्रमाणाचा नियम मोडण्यापेक्षा ते दार बंद करतात. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे, पण दोघं नोकरी करणाऱ्या घरात सात वाजता असा निरोप आला की काय धांदल उडते ते मी पाहिलं आहे. तेव्हा मी होते. एरवी कुणीतरी रजा टाकतं.

बाहेर खेळणं मात्र कशानंही बंद पडत नाही. पाऊस असला की मुलांना अंगभर रेनकोट आणि गमबूट चढवतात आणि मागच्या अंगणात सोडतात. तिथे चिखलाची भातुकली आहे. लाकडी ओटा, जुनी पातेली, ओगराळी, आणि हवा तेवढा चिखल. पहिल्या आठवड्यात नात कोपरापर्यंत बरबटलेली दिसली तेव्हा मी घरी आल्यावर तिच्या छातीला ओवा-लसणीचं तेल चोळलं. नाक तिचं तीनही महिने वाहत होतं, तिथे सगळ्याच मुलांचं वाहतं आणि त्यासाठी कुणी घरी पाठवत नाही. साडेअडतीस सेल्सिअसच्या वर ताप गेला तरच फोन येतो. मोठं आजारपण मात्र एकदाही आलं नाही.

आतल्या खोलीत खिडकीखाली एक लांब फळी आहे. त्यावर चेस्टनट, पाइनची बोंडं, जॅमच्या बाटल्यांची झाकणं, शिंपले, पुठ्ठ्याच्या नळ्या, सगळं वेगवेगळ्या टोपल्यांत. त्याला त्यांचा शब्द आहे कोस्टेलोस मटेरियाल, फुकटचं साहित्य. त्या फळीसमोर मी बराच वेळ उभी होते. 1986 मध्ये प्रशिक्षणाच्या निमित्तानं मी कोसबाडला गेले होते. खेड्यातल्या, आदिवासी मुलांसाठी बालवाड्यांचं काम उभं करणाऱ्या अनुताई वाघ तेव्हा होत्या. तिथल्या बालवाडीत अशाच टोपल्या होत्या, त्यांत चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले, सुकी पानं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीबाईंचं लाकडी साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. मग गुण तेच ठेवून साहित्य गावातलं घेतलं. श्रीमंत डच गावात, जिथे लाकडी साहित्य कितीही विकत घेता येईल, तिथेही मुलांच्या हातात झाकणं आणि बोंडंच दिलेली पाहून मला ताराबाईंचा फार अभिमान वाटला.

माँटेसरीबाईंचा आणि त्या देशाचा संबंध मला तिथे गेल्यावर नीट कळला. लढाईच्या काळात त्या भारतात, मद्रासला होत्या हे माहीत होतं. शेवटची वर्षं त्यांनी नेदरलँड्समध्ये काढली आणि 6 मे 1952 रोजी नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावात त्या गेल्या. तिथेच त्यांना पुरलं आहे. एप्रिलमध्ये एका रविवारी जावयानं आम्हाला गाडीनं नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना ट्युलिपची शेतं, लोक फोटो काढायला थांबलेले. आम्ही आधी समुद्रावर गेलो, नातीनं बादलीभर शिंपले वेचले, आणि मग कॅथलिक दफनभूमीत. नातीला वाटलं सगळेच शिंपले तिथे ठेवायचे. मी म्हटलं एक ठेव. तिनं निवडायला फार वेळ घेतला. मला घाई नव्हती.

परत पाळणाघराकडे येते. शिकवतात काय, असं मला इथून फोनवर सगळे विचारत होते. अक्षरं, आकडे यांतलं काही नाही. शाळा तिथे चौथ्या वाढदिवसानंतर सुरू होते आणि सक्ती पाचव्या वर्षापासून. त्याआधी पाळणाघरानं काय करायचं याची चार उद्दिष्टं मात्र कायद्यात आहेत: मुलाला सुरक्षित वाटणं, त्याची स्वतःची कुवत वाढणं, इतरांबरोबर राहता येणं, आणि वागण्याच्या रीती समजणं. मारियाने रिक्सन-वालराव्हन या डच प्राध्यापिकेनं ती मांडली. ऐकायला गोड वाटतात, म्हणून मी मेंटॉरला विचारलं, मोजता कशी? तिनं नातीची फाइल काढली. त्यात दोन गोष्टी एक ते पाच अशा अंकांत लिहिल्या होत्या. मूल किती खुशाल आहे, आणि हातातल्या गोष्टीत किती रमलेलं आहे. ही पट्टी बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाच्या फेरे लाव्हर्स यांची. नातीला खुशालीत पाच, रमण्यात एका नोंदीत तीन. तीनच्या शेजारी लिहिलं होतं, "गोंगाट वाढला की उठून जाते." त्यावर उपाय म्हणून तिला दहाच्या सुमाराला दोन-तीन मुलांबरोबर बाजूच्या छोट्या खोलीत नेत होते. दुसऱ्या नोंदीत चार. मुलाला कमी अंक पडले तर खोली बदलायची, मुलाला नाही. मला हे तिशीत कळलं असतं तर किती मुलांना मी "चंचल" म्हटलं नसतं.

लुव्हेनमध्ये माझी भाची राहते, तिच्याकडेही चार दिवस गेले होते. भाषा तीच, देश वेगळा, आणि रीत अगदी निराळी. फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, मूल अडीच वर्षांचं झालं की थेट शाळेत, क्लाइटरस्कूलमध्ये जातं आणि तिथे फी नसते. वर्षातून ठरावीक दिवशीच प्रवेश मिळतो, बहुतेक सुट्ट्यांनंतरच्या पहिल्या दिवशी. सक्ती पाच वर्षांपासून, 2020 च्या सप्टेंबरपासून, पण बहुतेक मुलं त्याच्या कितीतरी आधीपासून जातात. खर्चाच्या दृष्टीनं भाची सुखी. पण तिच्या तीन वर्षांच्या मुलाच्या वर्गात वीसहून जास्त मुलं आणि बाई एक. अडीच वर्षांचं मूल, लंगोट नुकताच सुटलेला किंवा न सुटलेला, आणि एवढी गर्दी. माझ्या वाईच्या खोलीची आठवण झाली. तान्ह्यांच्या पाळणाघरातही तिकडे एका ताईमागे आठ-नऊ मुलं हे प्रमाण वर्षानुवर्षं चालत आलं. फुकट शाळा आणि महाग पाळणाघर यांतून मला निवडायला सांगितलं तर तीन वर्षांपर्यंत मी आइंडहोवनचं पाळणाघर निवडेन, पैसे मोजून.

आणि पैसे खरंच मोजावे लागतात. दिवसाचे अकरा तास धरतात, तुम्ही मूल चारला आणलं तरी. आठवड्याचे तीन दिवस म्हणजे महिन्याला 143 तास. ताशी 11.40 युरो दरानं 1,630 युरो होतात. यातला काही भाग सरकार परत देतं, पण 2025 साठी ताशी 10.71 युरोंपर्यंतच हिशोबात धरत होते. वरचे 69 सेंट सगळे पालकांचे, म्हणजे महिन्याला 98 युरोंच्या वर. महिन्याला जास्तीत जास्त 230 तास, आई-बाप दोघंही नोकरीत किंवा शिकत असायला हवेत, आणि पगार जितका जास्त तितका परतावा कमी. अगदी कमी उत्पन्नाला 96 टक्के मिळतात. लेक तासांचा आणि पगाराचा आकडा दर महिन्याला तपासते, बदल झाला की त्याच दिवशी कळवते. याच अनुदानात हजारो पालकांना चुकीनं लबाड ठरवून त्यांच्याकडून हजारो युरोंची वसुली केली गेली, त्यातले बरेच परदेशी मुळाचे होते, आणि त्यापायी 15 जानेवारी 2021 ला तिथल्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. नव्यानं गेलेल्या आपल्या मुलांना हे सांगून ठेवा. पगारवाढ झाली की आधी तिकडे कळवा, मग पेढे वाटा.

उरलेल्या दोन दिवसांतला बुधवार जावयाचा. त्याला तिथे पापादाख म्हणतात, बापाचा दिवस. पुष्कळ डच बाप घेतात. जावई नातीचे केस विंचरतो, दोन शेंड्या घालतो, भाजी चिरताना तिला शेजारी स्टुलावर उभं करतो. शुक्रवारी लेक घरी.

भाषेची मला सगळ्यात जास्त भीती होती. नात मराठी विसरेल असं वाटायचं. पाळणाघरानंच लेकीला सांगितलं होतं की घरी मराठीच बोला, डच आमच्यावर सोडा. सुरुवातीलाच त्यांनी आठ-दहा मराठी शब्द मागून घेतले आणि रोमन लिपीत कपाटाच्या दारावर चिकटवले. पाणी, झोप, शी, आई, बाबा, दुखतंय. मी गेले तेव्हा ताई "दुखतंय"चा उच्चार "दुकताय" असा करायची. रोज संध्याकाळी मी तिला एकदा म्हणून दाखवायचे. मे महिन्यापर्यंत तिला ख जमला. डच लोकांच्या घशात ख आहेच, फक्त तो आपला नाही. यादीत मी एक शब्द वाढवला, "पुरे". कारण नातीला पुरे म्हणता येत होतं आणि ते कुणाला कळत नव्हतं. ज्या मुलांचं डच मागे पडेल असं वाटतं त्यांना बालआरोग्य केंद्रातून अडीच वर्षांपासून आठवड्याला 16 तासांचा वेगळा भाषेचा कार्यक्रम सुचवतात. शेजारच्या मराठी घरातल्या मुलाला तो मिळाला. तिथे पुक नावाची एक बाहुली असते आणि मुलं तिच्याशी डच बोलतात. त्याच्या आईला वाटलं, मुलात काही कमी आहे म्हणून पाठवतात. तसं नाही. मुद्दाम घ्या, नाकारू नका.

मार्चच्या सुरुवातीला कार्निव्हल झाला. ब्राबांट भागात त्याचं फार वेड. त्या दिवसांत आइंडहोवनचं नावच बदलून लाम्पेगाट होतं. डेकेअरमध्ये सगळी मुलं सोंगं घेऊन आली, वाघ, पोलीस, मधमाश्या. आम्ही नातीला खणाचं परकर-पोलकं घालून नेलं. ताईनं विचारलं, ही कोण झाली आहे? लेक म्हणाली, "ही माझी आजी झाली आहे." तिची आजी म्हणजे माझी आई. मला तिथेच रडू आलं.

मुलाला ठेवायचा विचार असेल तर दोन गोष्टी करा. प्रत्येक पाळणाघराची आरोग्य खात्याकडून दरवर्षी तपासणी होते आणि तिचा अहवाल पाळणाघरांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. डचमध्ये असला तरी भाषांतर करून वाचा, विशेषतः माणसांच्या प्रमाणाबद्दलचा भाग. आणि सुरुवातीचे सवयीचे तास, पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग अर्धा दिवस, ते चुकवू नका. नोकरीची घाई असली तरी. संध्याकाळी मूल घेताना ताई पाच मिनिटं सगळं सांगते, किती झोपली, काय खाल्लं, कुणाशी भांडली. ती पाच मिनिटं घाईत घालवू नका. माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या सेवेतली ती सगळ्यात मोलाची पाच मिनिटं. ब्राबांटची माणसं निरोप घेताना "हाउदू" म्हणतात, तुम्हीही म्हणा, त्यांना आवडतं.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो थंड जेवणाचा आणि सतत बदलणाऱ्या माणसांचा मिळून.

लेकीला मार्गशीर्षात दुसरं बाळ आहे. तिसरा महिना लागताच तिनं त्याच पाळणाघरात अर्ज भरला, कारण सोमवार, मंगळवार आणि गुरुवारला तिथे सगळ्यात मोठी रांग असते. नावाच्या रकान्यात अजून नुसतं "बाळ" लिहिलं आहे.